शक्तिमान आला नाहीं

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट आहे. सहावीच्या वर्गांत आमचा मराठीचा तास चालू होता. बाहेर पावसाची झड लागल्यामुळें मुलांचें चित्त धड्यावर नव्हतें. इतक्यांत मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "सर, तुमच्या लहानपणीं सुपरहीरो होते का?" वर्गांत हंशा पिकला. विचारणाऱ्याच्या मनांत खोडी नव्हती. आमच्या बालपणीं वीज आणि चहा यांचा तरी शोध लागला होता कीं नाहीं, याविषयींहि त्यास प्रामाणिक शंका असावी. आम्हीं सांगितलें, "होता. त्याचें नांव शक्तिमान. परंतु त्यास पाहण्यासाठीं आम्हांस शनिवारपर्यंत थांबावें लागे." "शनिवारपर्यंत?" सर्व वर्गानें एका सुरांत विचारलें, आणि तेवढ्यांत घंटा झाली.

उत्तर अर्धेंच राहिलें. राहिलेलें अर्धें या वार्षिकांत लिहावें, असें आम्हीं ठरविलें. कारण तें सांगण्यास तासाचीं उरलेलीं पांच मिनिटें पुरलीं नसतीं, आणि खरें बोलावयाचें तर मुलांच्या तोंडाकडे पाहून तें सांगण्याचा धीरहि आम्हांस झाला नसता.

विद्यार्थ्यांचें आश्चर्य साहजिक होतें. आज ज्या वीराची इच्छा होईल तो वीर, ज्या क्षणीं होईल त्या क्षणीं, तळहाताएवढ्या कांचेवर हजर होतो. कंटाळा आला तर त्यास बोटानें बाजूस सारावें आणि दुसरा बोलवावा. वीरांची वाट पाहावी लागत असे, हीच गोष्ट आतां इतिहासजमा झाली आहे. ही केवळ आपल्याकडील कथा नव्हे. सुपरमॅन १९३८ मध्यें आणि स्पायडरमॅन १९६२ मध्यें अमेरिकेंतील चित्रकथांच्या अंकांतून प्रथम अवतरले. परंतु त्या देशांत घरोघरच्या मुलांशीं त्यांची गट्टी जमविली ती दूरचित्रवाणीवरील शनिवारच्या सकाळीनें. १९६६ च्या सुमारास तेथील मोठ्या वाहिन्यांनीं शनिवारची सकाळ अशा वीरांच्या कार्टूनांनीं भरून टाकण्यास आरंभ केला. त्याचें कारण व्यवहारी होतें. त्या दिवशीं शाळेस सुटी, आईबापें उशिरापर्यंत अंथरुणांत, आणि घरांत जागीं असत तीं फक्त मुलें. खेळणीं आणि न्याहारीचे गोड पदार्थ विकणाऱ्या व्यापाऱ्यांस याहून सोयीची वेळ कोणती मिळणार? ही प्रथा पुष्कळ वर्षें चालली. पुढें मुलांसाठीं चोवीस तासांच्या वाहिन्या निघाल्या, मागाहून इंटरनेट आलें, आणि २०१४ च्या सप्टेंबरांत तेथील अखेरच्या मोठ्या वाहिनीनेंहि शनिवारचीं कार्टूनें बंद केलीं. तिकडील प्रौढ माणसें आजहि त्या सकाळींची आठवण काढून हळहळतात. आम्हांस त्यांची हळहळ समजते. कारण आमच्याहि वांट्यास एक शनिवार आला होता.

आमचा शनिवार तळेगांवचा. महाराष्ट्रांत तळेगांवें पुष्कळ आहेत, म्हणून आमच्या गांवाच्या नांवापुढें कंसांत "श्यामजी पंत" असें लिहितात. वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांत, नागपूर-अमरावती हमरस्त्यावर हें गांव आहे. येथून एक वाट आर्वीकडे जाते, आणि दुसरी १९४२ च्या हुतात्म्यांच्या आष्टीकडे. भोंवतालीं कपाशीचीं शेतें आणि संत्र्यांचे बगीचे. आणि गांवांत रात्रंदिवस गजबज असे ती एस. टी. च्या आगाराची. आमचे वडील त्या आगारांत मेकॅनिक होते. आगारांतील चार-पांच कुटुंबें एका कौलारू चाळींत राहत, त्यांत ख्रिस्ती कुटुंब आमचें एकच. घरांत आम्ही दोघे भाऊ. आम्ही थोरले, धाकटा आमच्याहून सात वर्षांनीं लहान.

चाळींत दूरदर्शनचा संच एकच होता, आणि तो ड्रायव्हरकाकांच्या घरीं. संच काळ्यापांढऱ्या चित्रांचा होता. छपरावर उंच बांबूस अँटेना बांधलेला असे, आणि वारा सुटला कीं पडद्यावर मुंग्याच मुंग्या दिसूं लागत. मग एकानें वर चढून बांबू फिरवावा, दुसऱ्यानें अंगणांत उभें राहावें आणि तिसऱ्यानें आंतून ओरडावें, "आलं! आलं! गेलं!" याच पडद्यावर आम्हीं पूर्वीं स्पायडरमॅनला भिंती चढतांना पाहिलें होतें. याच पडद्यावर १९९३ च्या सुमारास 'जंगल बुक' मधील मोगलीशीं आमची ओळख झाली. मोगली येई रविवारीं सकाळीं, आणि तीच आमच्या घरच्या उपासनेची वेळ. आम्ही उपासनेंत डोळे मिटून बसलों तरी कान शेजारच्या भिंतीकडे लागलेले असत. वडिलांच्या हें ध्यानांत आलें. ते रागावले नाहींत, पुढच्या रविवारपासून त्यांनीं उपासना तासभर अलीकडे घेतली आणि म्हणाले, "देवाला अर्धें मन देण्यापेक्षां सकाळीं लवकर उठलेलें बरें." असे आमचे वडील होते. पुढील हकीकत वाचतांना वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें.

१९९७ च्या सप्टेंबरांत शक्तिमान आला. ज्या मुकेश खन्नांस आम्हीं 'महाभारत' मालिकेंत भीष्म पितामह म्हणून पाहिलें होतें, तेच आतां छातीवर सूर्यासारखें चिन्ह लावून आकाशांतून उतरूं लागले. शक्तिमान हा परदेशांतून आलेला पाहुणा नव्हता. त्याची शक्ति योगसाधनेची. त्याच्या शत्रूचें नांव तमराज किल्विष, म्हणजे अंधाराचा आणि पापाचा राजा. एरव्हीं तो गंगाधर या नांवानें एका वर्तमानपत्रांत छायाचित्रें काढण्याचें काम करी. पुढें आलेले दांत, जाड चष्मा आणि वेंधळें बोलणें. सारे त्यास हंसत. आणि संकट येतांच तोच गंगाधर गरगर फिरून शक्तिमान होई! वर्गांत ज्यांस कोणी खिजगणतींत धरीत नसे अशा आमच्यासारख्या मुलांस या गोष्टीनें केवढा दिलासा मिळत असेल, हें सांगावयास नको. त्याचा पोशाख तांबडा आणि सोनेरी आहे, हें आम्हांस कित्येक दिवसांनीं दुकानांतील एका चित्रावरून कळलें. तोंवर आमचा शक्तिमान काळापांढराच होता, आणि त्यामुळें त्याचें कांहीं अडलें नव्हतें.

परंतु अडचण होती ती वेळेची. शनिवारीं आमची शाळा सकाळची असे, आणि शक्तिमान येई तोहि सकाळींच, शाळा सुटण्याच्या आगेमागे. शेवटच्या तासास कोणाच्या पोटांत दुखूं लागे, कोणाच्या घरीं पाहुणे येत, कोणाची आजी आजारी पडे. एका शनिवारीं तर एकाच वर्गांतील पांच आज्या आजारी पडल्या. घंटा झाली कीं आम्ही दप्तर पाठीवर मारून जें धांवत सुटूं तें ड्रायव्हरकाकांच्या उंबऱ्याशीं थांबूं. काकूंचा नियम एकच होता: गडबड करावयाची नाहीं. कारण काका रात्रपाळीची गाडी घेऊन पहाटे येत आणि शनिवारीं त्या वेळीं आंतल्या खोलींत झोंपलेले असत.

हा नियम धाकट्यास पाळतां येत नसे. तो दुसरीत होता. शक्तिमान दिसला कीं तो टाळ्या वाजवी, किल्विष दिसला कीं किंचाळे, आणि मधल्या वेळांत मोठ्यानें प्रश्न विचारी. "दादा, तो खरंच उडतो?" "दादा, तो तळेगांवाला येईल?" "दादा, त्याला आपलं घर सांपडेल का?" जानेवारींतल्या एका शनिवारीं त्याच्या किंकाळीनें काका जागे झाले. ते कांहीं बोलले नाहींत. पण काकूंनीं आम्हां दोघांस बाहेर काढलें. सर्व मुलांच्या देखत बाहेर जावें लागलें, याचा आम्हांस अतिशय राग आला. तो राग आम्हीं आठवडाभर मनांत ठेवला.

पुढचा शनिवार उजाडला. आई दुसऱ्या गांवीं स्त्रियांच्या प्रार्थनासभेस गेली होती आणि वडील कामावर होते. धाकट्यास सांभाळण्याचें काम आमच्याकडे होतें. आम्ही शाळेंतून आलों तेव्हां तो ओट्यावर तयारच होता. वडिलांचा पंचा त्यानें गळ्याभोंवतीं गांठ मारून पाठीवर सोडला होता. "दादा, चल." आम्ही म्हणालों, "तूं येऊं नकोस." त्याचा चेहरा पडला. तो रडूं लागता तर काकूंच्या दारापर्यंत आमच्या मागें आला असता, आणि पुन्हां आम्हां दोघांसहि बाहेर बसावें लागलें असतें. तेव्हां आम्हीं एक युक्ति काढली. आम्हीं त्यास जवळ बसविलें आणि गुपित सांगावें तसें सांगितलें, "टीव्हींत पाहायची तुला गरजच नाहीं. जो उंच जागेवर उभा राहून मनापासून हांक मारतो, त्याच्याकडे शक्तिमान स्वतः येतो." त्यानें डोळे मोठे करून विचारलें, "खरंच?" आम्हीं म्हटलें, "देवाशपथ."

शपथ वाहूं नये, अशी आमच्या घरची शिकवण होती. आमच्या तोंडून ती कधींच निघत नसे. म्हणूनच त्या दिवशीं तिला इतकें मोल आलें.

आम्ही काकूंच्या घरीं जाऊन सर्वांत पुढें बसलों. धाकटा जवळ नसल्यामुळें त्या दिवशीं फार मजा वाटली. मालिका रंगांत आली असतां मागच्या बाजूनें एक हांक ऐकूं आली. मग दुसरी. मग तिसरी, पहिल्या दोहोंपेक्षां मोठी. हांक कोणाची आणि कोणास, हें आम्हांस समजलें होतें. आम्हांस किंचित हंसूंहि आलें. मग कांहीं वेळ शांतता होती, आणि मग एक किंकाळी आली. वाचकहो, ती किंकाळीहि आम्हीं ऐकली. परंतु पडद्यावर त्याच क्षणीं गंगाधर गरगर फिरूं लागला होता, आणि आम्ही उठलों नाहीं. आम्ही जागे होतों, आणि बसून राहिलों. जे रात्रभर गाडी हांकून गाढ झोंपले होते, ते ड्रायव्हरकाका मात्र बनियनवर, अनवाणी, आमच्या अंगावरून उडी टाकून बाहेर धांवले.

चाळीमागें बैलांचा कोठा होता. आमच्याकडे गोठ्यास कोठा म्हणतात. सरपणाच्या राशीवरून धाकटा त्याच्या पत्र्यावर चढला होता. तेथून त्यानें तीन हांका मारल्या, वाट पाहिली, आणि शक्तिमान वाटेंत असेल अशा भरंवशानें उडी घेतली. आम्ही पोंचलों तेव्हां काकांनीं त्यास उचलून घेतलें होतें. त्याचा उजवा हात कोपराशीं भलत्याच बाजूस वळलेला होता. तो रडत नव्हता. आकाशाकडे पाहत होता.

"अबे, पाहत काय राह्यला? तुह्या मायले सांगून ये," एवढेंच काका आम्हांस म्हणाले. मग ते त्यास छातीशीं धरून आर्वीच्या वाटेकडे निघाले. एस. टी. ला अवकाश होता. कापसानें भरलेला एक ट्रक आर्वीच्या बाजारास चालला होता. काका मध्यें रस्त्यांत उभे राहिले, आणि ट्रक थांबेपर्यंत हलले नाहींत. पायांत वहाण नाहीं, अंगांत सदरा नाहीं, अशा स्थितींत ते त्यास घेऊन आर्वीच्या दवाखान्यांत गेले, आणि वडील तेथें पोंचेपर्यंत त्याचा चांगला हात हातांत धरून बसले. त्या रात्रीं पुन्हां त्यांची पाळी होती, आणि न झोंपतां ते कामावर गेले, हें आम्हांस मागाहून कळलें.

कोपराच्या जरा वरचें हाड मोडलें होतें. डॉक्टरांनीं तें बसवून प्लास्टर घातलें. संध्याकाळीं आम्ही आईबरोबर दवाखान्यांत गेलों. वडील खाटेजवळ उभे होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनीं धाकट्यास विचारलें, "पत्र्यावर चढायला तुला कोणीं सांगितलं?" धाकट्यानें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं जमिनीकडे पाहिलें. तो म्हणाला, "कोणीं नाहीं."

वडिलांनीं त्याच्या गालावर एक चापट मारली. आमच्या आठवणींत त्यांनीं आम्हां भावंडांवर हात उगारल्याचा तो एकच प्रसंग. तो राग नव्हता, मुलगा हातचा जातां जातां वांचल्याची भीति होती, हें आज आम्ही बाप झाल्यावर आम्हांस समजतें. परंतु चापट बसली ती भलत्याच गालावर. तरीहि आम्ही बोललों नाहीं, आणि धाकटाहि बोलला नाहीं.

रात्रीं आई बाहेर गेली असतां त्यानें आम्हांस जवळ बोलावलें आणि हळूच विचारलें, "दादा, मी हांक हळू मारली का?"

चौदा वर्षांच्या मुलास या प्रश्नाचें उत्तर देतां आलें असतें. "मी खोटें बोललों" हे तीनच शब्द होते. आम्हीं म्हटलें, "झोंप आतां."

पुढें शक्तिमान रविवारच्या दुपारीं येऊं लागला. सकाळच्या शाळेचा आणि त्याचा तंटा मिटला, आणि आमच्या उपासनेसहि त्याचा उपद्रव राहिला नाहीं. २००५ पर्यंत ती मालिका चालली. मध्यंतरीं आम्ही शिक्षणासाठीं नागपुरास हिस्लॉप कॉलेजांत गेलों. त्या सुमारास वर्तमानपत्रांतून अशा बातम्या येत कीं, शक्तिमान वांचवील या समजुतीनें मुलें स्वतःस इजा करून घेतात. यावर ठिकठिकाणीं वादविवाद झाले. मालिकेच्या अखेरीस मुलांस चार चांगल्या गोष्टी सांगण्यांत येत. मुकेश खन्नांनींहि मुलांस बजावलें कीं, पडद्यावरील करामती युक्तीनें केलेल्या असतात, त्यांची नक्कल करूं नये. तरी वडीलधारी मंडळी म्हणत, "या दूरदर्शनानें मुलें बिघडविलीं." वसतिगृहांत अशी चर्चा निघाली कीं आम्हीहि गंभीरपणें मान डोलावीत असूं. आमच्या धाकट्या भावाचाच दाखला देऊन आम्हीं एकदां सर्वांची वाहवाहि मिळविली. त्या दाखल्यांत कोठा होता, पत्रा होता, मोडलेला हात होता; शपथ तेवढी नव्हती.

अशीं बावीस वर्षें गेलीं. धाकटा तळेगांवांतच राहिला. तो विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करतो, आणि त्या कामांत पंचक्रोशींत त्याचा हात धरणारा कोणी नाहीं. त्या दिवशींचें हाड जुळलें, पण उजवें कोपर थोडें वांकडें राहिलें; तो हात पुरता सरळ होत नाहीं. लहानपणीं अशा जागीं मोडलेलें हाड चांगलें बसविलें तरी कधीं कधीं असें व्यंग मागें राहतें. घरीं गेलों कीं आम्ही त्याच्या डाव्या बाजूस जेवावयास बसत असूं. तसें कां करतों, हें आम्हीं स्वतःशींहि कधीं उच्चारलें नव्हतें.

मग २०२० चा मार्च आला. सांथीमुळें शाळा बंद झाल्या. आम्ही मुलाबाळांसह तळेगांवीं गेलों आणि टाळेबंदी लागल्यामुळें तेथेंच अडकलों. दूरदर्शननें जुन्या मालिका पुन्हां दाखविण्यास आरंभ केला, आणि एप्रिलांत रोज दुपारीं शक्तिमान येऊं लागला. आतां संच मोठा, चित्र रंगीत, अँटेना फिरविण्याची भानगड नाहीं. आमच्या मुलांनीं थोडा वेळ पाहिलें आणि तीं आपापल्या मोबाइलांकडे वळलीं. त्यांस तीं दृश्यें बाळबोध वाटलीं. आम्ही दोघे भाऊ मात्र बसून राहिलों, आणि आमच्या मध्यें धाकट्याचा सात वर्षांचा मुलगा. शक्तिमान गरगर फिरला. तेंच संगीत, तीच ऐट. आम्हांस गहिंवरून आलें, आणि त्याच वेळीं पोटांत खड्डा पडला. कारण त्या पोरानें आपल्या बापाकडे वळून विचारलें, "बाबा, हा खरंच येतो का?"

धाकटा आपलें वांकडें कोपर चोळीत होता. तो म्हणाला, "नाहीं बेटा. तो नट आहे, मुकेश खन्ना त्याचं नांव. त्याला दोर बांधून उडवतात." मग थोडें थांबून म्हणाला, "पण हांक मारली तर कोणीतरी येतं. माझ्यासाठीं आलं होतं. बनियनवर आलं होतं."

जें उत्तर बावीस वर्षांपूर्वीं आम्हीं द्यावयाचें, तें त्यानें आपल्या मुलास एका दमांत दिलें. त्यांत एक शब्दहि खोटा नव्हता. आणि मुलाचा विश्वासहि कोठें मोडला नाहीं.

त्या वर्षीं १० एप्रिलास शुभ शुक्रवार होता. मंदिरें बंद असल्यामुळें आम्हीं घरींच उपासना केली. वडिलांनीं दुःखसहनाचा वृत्तांत वाचला. पेत्र आपल्या प्रभूस तीनदां नाकारतो, त्या ठिकाणीं त्यांचा आवाज थकल्यामुळें त्यांनीं पुस्तक आमच्या हातीं दिलें. तो भाग आम्हांस पुरा वाचतां आला नाहीं. पुस्तक मिटून आम्हीं सर्वांच्या देखत सांगितलें कीं, त्या शनिवारीं धाकट्यास पत्र्यावर चढविलें तें आम्हीं. देवाची शपथ घेऊन चढविलें. त्याची हांक आणि किंकाळी दोन्ही ऐकल्या, आणि उठलों नाहीं.

कोणी कांहीं बोललें नाहीं. मग वडील म्हणाले, "म्हणजे मी त्याला उगाच मारलं." पंचाहत्तरी ओलांडलेले आमचे वडील खुर्चींतून उठले, धाकट्याजवळ गेले, आणि त्या वांकड्या कोपरावर हात ठेवून उभे राहिले. धाकटा हंसला आणि म्हणाला, "बाबा, मला तर आठवतहि नाहीं." तें मात्र खरें नसावें. त्याच्या आयुष्यांतील खोटें बोलण्याचे आम्हांस ठाऊक असलेले प्रसंग दोनच, आणि दोन्ही वेळां तो दुसऱ्यासाठींच बोलला आहे.

ड्रायव्हरकाका त्यापूर्वींच वारले होते. त्यांचे आभार आम्हीं कधीं मानले नाहींत. आभार मानावयाचे तर सर्वच सांगावें लागलें असतें. एक लपविलेली गोष्ट माणसास अशा किती चांगल्या गोष्टी करूं देत नाहीं!

पालकहो, आपण आम्हांस नेहमीं विचारतां कीं, मुलांस मोबाइल किती वेळ द्यावा. त्याचा विचार अवश्य करावा. आम्हीहि घरीं करतों. परंतु आमचा अनुभव असा आहे कीं, धाकट्यानें पडद्यावर तितकासा विश्वास ठेवला नव्हता. पडद्याविषयीं तो शंकाच विचारीत होता. आठवडाभर एकच प्रश्न त्यानें दहादां विचारला. विश्वास ठेवला तो आमच्या शब्दावर. मुलास शंका येते तेव्हां तें पडद्यास विचारीत नाहीं, घरांतील मोठ्या माणसास विचारतें. त्या वेळीं आपण त्रासून, घाईत, त्यास टाळण्यासाठीं जें उत्तर देतों, तेंच धरून तें पत्र्यावर चढतें.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं तुमच्याहून लहान असें कोणीतरी आहे. तें त्रास देतें, मध्येंच बोलतें, तुमची वस्तु ओढतें, हें सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु त्याच्या दृष्टीनें तुम्ही फार मोठे आहां. आमच्या शक्तिमानास गरगर फिरावें लागे. तुम्हांस तर तेवढेंहि करावें लागत नाहीं, तुम्ही नुसतें "खरंच" म्हटलें कीं पुरें होतें. तेव्हां तो शब्द जपून वापरा. चुकून खोटा गेला असेल, तर दुसऱ्या शनिवारची वाट पाहूं नका. त्याच संध्याकाळीं परत घ्या. त्यास बावीस वर्षें लागूं देऊं नका.

सहावीच्या त्या विद्यार्थ्यास राहिलेलें उत्तर तें हें. होता, बाळ, आमच्या लहानपणींहि एक सुपरहीरो होता. तो आमच्या शेजारच्या खोलींत झोंपलेला असे, आणि आम्ही त्याच्या दारांत बसून दुसऱ्याच कोणाची वाट पाहत होतों.